प्रतिज्ञा विहारात घ्या, पण पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली काढा

वर्षावास लागला की आपल्या विहारात दरवर्षी एक चांगली गोष्ट घडते. कोणीतरी उभा राहतो आणि सगळ्या वस्तीसमोर सांगतो, आजपासून माझी दारू बंद. टाळ्या वाजतात. त्याच्या घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी येते. बारा वर्षांपूर्वी मीही असाच उभा राहिलो होतो. तेव्हा मी रोज तीन-चार पव्वे देशी पीत होतो. सकाळी हात इतके थरथरायचे की चहाची कपबशी धरवत नसे. आधी एक घोट घ्यायचा, मग चहा.

प्रतिज्ञा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी रात्री मला झटका आला. दात बसले, जीभ चावली गेली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्या मी हाताने झाडत होतो म्हणे. बायकोला ओळखेना. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "दारू सोडली म्हनून झालं हे. थोडी पाजा त्याले." दुसऱ्या कोणी बाहेरची बाधा सांगितली आणि सैलानीला न्यायचा बेत सुरू झाला. माझ्या मेव्हण्याने कोणाचे ऐकले नाही. ऑटोत घालून त्याने मला सरकारी दवाखान्यात नेले. सहा दिवस तिथे होतो. सुटी देताना डॉक्टरांनी बायकोला सांगितले, "ताई, हे इतकी वर्षे प्यायल्यामुळे झालं. सोडली ते बरंच केलं. फक्त सोडायच्या आधी आमच्याकडे यायला पाहिजे होतं."

ते वाक्य आमच्या वस्तीत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आजही फार थोड्यांना आहे. म्हणून हा लेख.

शरीरात होते तरी काय? दारू मेंदूला सुस्त करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीशी झगडत काम करायला शिकतो आणि स्वतःला कायम ताणून ठेवतो. जड ओझे ओढणाऱ्या बैलाचा दोर एकदम तुटला, तर बैल पुढे धडपडतो. दारू एकदम तुटली की मेंदूचे तसेच होते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. झटका यायचा असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतो. भास होणे, माणसे न ओळखणे, अंग तापणे हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान दिसते. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. वेळेवर मिळाले तर बहुतेक जण वाचतात.

सगळ्यांचेच असे होते असे नाही. बरेच जण दोन-चार दिवस बेचैन राहतात आणि आठवड्यात सावरतात. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, जो वर्षानुवर्षे रोज पितो, ज्याला आधी सोडताना झटका आला होता, ज्याला काविळ, शुगर किंवा दुसरा मोठा आजार आहे, त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी बंद करावी. दवाखान्यात काही दिवस गोळ्या देतात आणि त्या रोज थोड्या कमी करत जातात, म्हणजे मेंदूचा ताण हळूहळू उतरतो.

हे संपूर्ण देशाने एकदा पाहिले आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने एका दिवसात बंद झाली. पिणाऱ्यांना तयारीला वेळच मिळाला नाही. बंगळूरच्या रुग्णालयांत दारू तुटल्याने गंभीर झालेल्या रुग्णांची संख्या वाढल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. केरळात आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचे ठरवले. डॉक्टरांनीच त्याला विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला. या आजारावर औषध आहे आणि ते औषध दारू नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे होते. आमच्या म्हातारबांना मी आज हेच सांगितले असते. थोडी पाजली की थरथर थांबते हे खरे, पण माणूस जिथून निघाला तिथेच परत जातो आणि पुढच्या वेळी सोडताना त्रास आणखी वाढू शकतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, प्रतिज्ञेला दवाखाना जोडला तर प्रतिज्ञेचे बळ कमी होते. निर्धार पक्का असला की काही होत नाही. हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. ती प्रतिज्ञा घेताना माझा निर्धार पक्काच होता. झटका निर्धाराला विचारून येत नाही. आजारी पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतले-पुसले, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. तू आजारी का पडलास, तुझे शील कमी पडले का, असे त्यांनी त्याला विचारले नाही. आधी शुश्रूषा केली. दारू सोडणाऱ्याशी आपण तसेच वागले पाहिजे.

म्हणून माझी विहार समित्यांना आणि महिला मंडळांना एक विनंती आहे. कोणी प्रतिज्ञा घ्यायला पुढे आला की त्याला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारा. रोज किती घेतोस? सकाळी हात थरथरतात का? आधी कधी झटका आला होता का? उत्तरे काळजीची असली तर टाळ्यांच्या आधी दवाखाना. आशाताईला सोबत घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून खामगाव किंवा बुलढाण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले तर कोणीतरी सोबत जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. झटका आला, भास होऊ लागले तर १०८ ला फोन करा. मन खचले, झोप उडाली, जीव द्यावासा वाटला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, सलाईन. अशक्तपणा आला की आपण जवळच्या डॉक्टरकडे जातो आणि एक बाटली लावा म्हणतो. बरीच वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे सलाईन लावण्याआधी स्पष्ट सांगा, "हा रोज दारू प्यायचा, परवापासून बंद आहे." लाजून लपवू नका. बी-१ चे इंजेक्शन साधे आणि स्वस्त असते. न पिताही तोल जात असेल, डोळ्यांची बुबुळे थरथरत असतील, बोलण्यात गोंधळ असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

दुसरी, चोरून दिलेले औषध. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. हताश झालेली बाई ती पुडी आणून भाजीत कालवते. तिचा दोष नाही, तिला दुसरी वाट कोणी दाखवलेली नसते. पण अशा पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर जी गोळी देतात, तीही रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच देतात. नकळत दिली आणि वर तो प्यायला तर रक्तदाब एकदम घसरू शकतो, जीवही जाऊ शकतो.

तिसरी, कोंडून ठेवणे. खोलीत बंद केलेल्या माणसाला आत झटका आला तर बाहेर कळत नाही.

आता पुढच्या दिवसांबद्दल. पहिला आठवडा निघाला की लोकांना वाटते, सुटली. खरी भीती त्यानंतर मनात शिरते. मला झोप यायची नाही, आली तर स्वप्नात बाटली दिसायची. गोड खावेसे वाटायचे. पायांना मुंग्या यायच्या. उजव्या बरगडीखाली जरा दुखले की वाटायचे, लिव्हर गेले. दोनदा मी मनाशी म्हणालो, एवढे सोडूनही बरे वाटत नाही तर सोडली कशाला? बरेच जण इथेच परत वळतात. म्हणून काय किती दिवसांत सुधारते हे माहीत असलेले बरे.

लिव्हरवर नुसती चरबी साठली असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते. वाढलेला रक्तदाबही बहुतेकांचा महिन्याभरात खाली येतो. भूक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत परत येते. झोप सुधारायला मात्र कित्येकांना काही महिने लागतात. त्यासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणू नका, एक सवय सुटून दुसरी लागते. पायांच्या मुंग्या आणि विसराळूपणा यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि काही जणांचे ते पूर्ण भरून येत नाही. लिव्हर कडक होऊन आकसले असेल तर ते पहिल्यासारखे होत नाही. पण तरीही दारू बंद केलेला माणूस चालू ठेवणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. "आता काय उपयोग" हे कोणत्याही टप्प्यावर खरे नाही.

भीती मनात घोळवत बसण्यापेक्षा तपासून घ्या. लिव्हरची रक्ततपासणी, रक्ताचे प्रमाण, शुगर, रक्तदाब, आणि डॉक्टरांनी सांगितली तर सोनोग्राफी. एक कागद चांगला आला म्हणून पुन्हा घोट घ्यायला मोकळीक मिळत नाही, कारण लिव्हर बरेच खराब होऊनही रक्ताचे आकडे कधी कधी ठीक दिसतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीही तपासा. जास्त पिणाऱ्यांना टीबीचा धोका अधिक असतो आणि सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घाटाखाली, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार पुष्कळ आहेत. पायावर सूज आली की "दारूनेच आली" म्हणून सोडून देऊ नका. ती किडनीचीही असू शकते. दोन्ही तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या किडनी आणि लिव्हर दोघांनाही भारी पडतात. काविळीवर झाडपाला घेऊन दिवस घालवू नका. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी, डोळे पिवळे, गुंगी, यांतले काहीही दिसले तर थांबायचे नाही.

खाण्याला महाग काही लागत नाही. भाकरी, घट्ट वरण, अंडी, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तेव्हा दूध. एकदम पोटभर खाण्याऐवजी थोडे थोडे, चार-पाच वेळा. उपाशी पोटी पिण्याची ओढ वाढते. पोटात पाणी असेल किंवा शुगर असेल तर मीठ आणि गोड किती, ते डॉक्टरांना विचारा.

राहिला मजुरीचा प्रश्न. रोजावर जगणाऱ्याला आठवडाभर घरी बसणे परवडत नाही, हे मी भोगले आहे. सोयाबीनच्या सोंगणीत कोणी दवाखान्यात भरती व्हायला तयार होत नाही. इथे वस्तीने पुढे यायला हवे. जयंतीला आपण वर्गणी काढतो. त्यातून किंवा बचत गटातून एका घराचा आठवड्याचा किराणा भरला, तर एक माणूस निर्धास्तपणे बरा होऊ शकतो. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळालेले असतात. उरलेले सदतीस जण अशाच वस्त्यांत, अशाच घरांत आहेत.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले. अशी केंद्रे चाळीस वर्षे एकच गोष्ट सांगत आली आहेत, व्यसन हा आजार आहे. आजारी माणूस बरा होता होता पुन्हा पडू शकतो. मीही पाचव्या महिन्यात एकदा प्यायलो. तेव्हा विहारातल्या एका ताईंनी मला आत बोलावले, चहा दिला आणि विचारले, "उद्या डॉक्टरकडे येता का? मी येते सोबत." त्या दिवशी कोणी प्रतिज्ञा मोडल्याचा हिशेब मागितला असता तर मी परत विहाराची पायरी चढलो नसतो.

यंदा तुमच्या विहारात जो उभा राहील, त्याच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात जाऊन विचारा, रात्र कशी गेली?

जयभीम.