जोडीला मिरी

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि उरलेलं वर्षभर औषधांवरून भांडतो. एका गटाच्या मते सगळं पूर्वीच सांगून ठेवलंय. दुसऱ्याला काढ्याचं नाव काढलं तरी हसू येतं. अँटिबायोटिक्सना जंतू दाद देईनासे झाले असताना ही चैन परवडणारी नाही. म्हणून यंदाचा अंक वनस्पती आणि अँटिबायोटिक यांच्या जोडीवर.

दारुहळदीच्या कुळातलं एक झुडूप अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वाढतं. दोन्हींतही बर्बेरीन हे जंतुनाशक द्रव्य असतं. पण गळवं करणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू आत आलेलं बर्बेरीन एका पंपाने बाहेर फेकतो. २००० साली फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच झुडपात आणखी एक द्रव्य असतं. त्याने एकही जंतू मरत नाही, फक्त पंप अडतो. मग बर्बेरीन आत साचतं आणि काम करतं. अर्क गाळून ‘मुख्य घटक’ तेवढा उचलायची घाई असलेल्यांनी हे झुडूप जरूर अभ्यासावं.

आपल्याकडचं उदाहरण मिरी-पिंपळीतल्या पायपरीनचं. जम्मूच्या संशोधन संस्थेतल्या कामावर उभं राहिलेलं, कॅडिला फार्माचं ‘रिसोरीन’ हे क्षयाचं औषध २००९ मध्ये आलं. एरवी क्षयावरच्या रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकची मात्रा ४५० मिलिग्रॅम. इथे ती २००, सोबत १० मिलिग्रॅम पायपरीन. पायपरीनमुळे रिफॅम्पिसिन रक्तात जास्त उतरतं.

अशी उदाहरणं मोजकीच, शोधनिबंध मात्र ढिगाने. कुठल्यातरी पानांचा अर्क, काचेच्या बशीत जंतू, भोवती स्वच्छ वर्तुळ, की लेख तयार! बशीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात पोचेल का, हे विचारायचं राहूनच जातं. बर्बेरीन तर आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. शिवाय पान कुठल्या ऋतूत तोडलं यावरही अर्क बदलतो. रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांना पैसा आणि चिकाटी लागते. आमच्या मते सरकारी निधी नव्या वनस्पतींच्या याद्यांपेक्षा तिथे जावा.

आणि हे घरी करायचे प्रयोग नव्हेत. पायपरीन फिटच्या गोळीतल्या फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. फराळातल्या मिरीचं भय नको, पण रोजचा काढा किंवा अर्काच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागू नका. अंक वाचून मतभेद जरूर कळवा. शुभ दीपावली!