परभाषेचे द्वार

आमच्या पुनावळ्याच्या एका अंगास हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्या आहेत. चाकणचे कारखानेही फार दूर नाहीत. त्यामुळे इकडील पुष्कळ तरुण जर्मन व जपानी भाषा शिकतात. नोकरीसाठी परभाषा शिकण्यात गैर काहीच नाही. परंतु भाषा केवळ पोटासाठीच शिकावयाची असते काय? मला तसे वाटत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेत मॉस्कोस छापलेली मराठी पुस्तके अल्प किमतीत मिळत. १९९१ साली सोव्हिएत संघ लयास गेला आणि तो ओघ आटला. दुसऱ्याने भरून आणलेल्या घागरीवर किती काळ विसंबावे? म्हणून सेवानिवृत्तीनंतर मी रशियन भाषेची तेहेतीस अक्षरे गिरवावयास घेतली. अक्षरे अनोळखी होती, परंतु शब्द नात्यातले निघाले! ‘ब्रात’ म्हणजे भ्राता, ‘त्री’ म्हणजे तीन, ‘द्वेर’ म्हणजे द्वार. त्या द्वारातून मी रशियन विज्ञानकथांच्या दालनात आलो.

तेथे प्रथम भेटले त्सिओल्कोव्स्की. बालपणीच्या तापाने त्यांना ऐकू येईनासे झाले होते. कालुगा गावी शिक्षकी करीत असताना, १९०३ साली, त्यांनी अग्निबाणाने अवकाशात जाण्याचे गणित मांडले. त्यांची ‘पृथ्वीच्या पलीकडे’ ही कथा १९२० साली पुस्तकरूपाने निघाली. तिचा आरंभ कोठे होतो? आपल्या हिमालयात! तेथे निरनिराळ्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ एकत्र राहून अवकाशयान सिद्ध करतात.

दुसरे बेल्यायेव. तारुण्यात मणक्याच्या क्षयाने ते काही वर्षे अंथरुणास खिळले होते. पुढे १९२८ साली त्यांनी रंगविलेला नायक मात्र माशासारख्या कल्ल्यांच्या योगे समुद्रतळाशी मुक्त संचार करतो. शरीर जखडले तरी कल्पना जखडली जात नाही, हेच खरे.

आता भ्रमणध्वनी क्षणात भाषांतर करून देतो. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. १९५७ साली आकाशात गेलेल्या ‘स्पुतनिक’चे भाषांतर ‘उपग्रह’ असे मिळेल, आणि ते चूकही नाही. परंतु ‘वाटेतला सोबती’ हा त्या शब्दाचा मूळ अर्थ त्या भाषेत रमणाऱ्यालाच सहज भेटतो.

बालमित्रांनो, वृत्तपत्रांतून बहुधा राष्ट्रांची भांडणे कळतात. त्यांची स्वप्ने कळतात ती त्यांच्या कथांतून. मातृभाषेत पाय घट्ट रोवा आणि एका तरी परभाषेचे द्वार स्वतःच्या हाताने उघडा. पलीकडे एखादा सोबती तुमची वाट पाहत असेल.