भाकरीचा हिशेब आणि बंदुकीचे वचन

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की दोन्ही पक्षांच्या कोठारांतून दोन जुनी शस्त्रे हमखास बाहेर निघतात. सरकारी मदतीवर जगणारे लोक कोणत्या वर्णाचे आणि कोणत्या पक्षाचे, हा वाद पहिले शस्त्र. आम्हांस मते द्या, तुमची मुले परमुलखातील युद्धात मरावयास जाणार नाहीत, हे आश्वासन दुसरे. पहिल्याने मतदारांत फूट पाडावयाची, दुसऱ्याने त्यांस झोपवावयाचे, आणि मतमोजणी झाली की दोन्ही शस्त्रे पुन्हा कोठारात ठेवावयाची! या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. आमच्या मते त्यांचा फार जवळचा संबंध आहे, आणि तो तेथील मतदारांच्या ध्यानी येत नाही हेच त्या लोकशाहीचे खरे दुखणे आहे.

प्रथम भाकरीचा वाद घेऊ. १९७६ साली रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठी झगडणारे रोनाल्ड रेगन सभासभांतून शिकागोच्या एका बाईची कथा सांगत असत. अनेक खोटी नावे घेऊन ती सरकारी मदत कशी लाटते, याचे ते रसभरित वर्णन करीत. बाई काल्पनिक नव्हती. १९७७ साली न्यायालयाने तिला दोषीही ठरविले. परंतु एका भामट्या बाईवरून लक्षावधी गरीब आयांची परीक्षा करणे म्हणजे एका खोट्या नाण्यावरून सारी टांकसाळच खोटी ठरविणे होय. रेगन यांनी तिचा वर्ण सांगितला नाही. तो सांगण्याची गरजच नव्हती. श्रोत्यांनी तो मनातल्या मनात भरून घेतला आणि गरीब म्हणजे काळा, काळा म्हणजे आळशी, हे समीकरण पक्के झाले.

हे समीकरण पक्के करण्यास वृत्तपत्रव्यवसायानेही हातभार लावला हे खेदाने नमूद करणे भाग आहे. मार्टिन गिलेन्स या राज्यशास्त्रज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९५० ते १९९२ या काळातील अमेरिकन वृत्तसाप्ताहिकांतील गरिबांच्या छायाचित्रांची मोजदाद केली आहे. प्रत्यक्षात गरिबांमध्ये काळ्यांचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास असता छायाचित्रांत मात्र निम्म्याहून अधिक चेहरे काळे होते. जे डोळ्यांपुढे वारंवार येते तेच खरे वाटते. मग कायदेमंडळात आकडे वाचून दाखविणाऱ्याचे कोण ऐकणार?

तरीही आकडे पाहिलेच पाहिजेत. लोक ज्यास अजून फूड स्टँप म्हणतात त्या अन्नसाहाय्य योजनेचा लाभ २०२४ साली दरमहा सरासरी चार कोटींहून अधिक लोक घेत होते. म्हणजे दर आठ अमेरिकनांतील एक. सरकारी पाहणीनुसार या लाभार्थींत सर्वांत मोठा गट गोऱ्यांचा आहे. तो एकतृतीयांशाहून थोडा अधिक भरतो. काळे लोक सुमारे चतुर्थांश आहेत. पण देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शेकडा तेरा-चौदाच आहे. आता गंमत पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाचा वक्ता पहिला आकडा सांगतो आणि म्हणतो, मदत घेणारे मुख्यतः गोरेच आहेत. रिपब्लिकन पक्षाचा वक्ता दुसरा आकडा सांगतो आणि म्हणतो, काळेच अधिक मदत घेतात. दोघांचेही आकडे खरे आहेत! एकाने अंश घेतला, दुसऱ्याने छेद घेतला आणि अपूर्णांक पुरा कोणीच मांडला नाही.

तो पुरा मांडावयाचा तर इतिहासात शिरावे लागते. १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर यांस वार्धक्याच्या विम्यातून वगळण्यात आले. दक्षिणेतील बहुसंख्य काळ्यांचा चरितार्थ याच दोन कामांवर चाले. १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षणाच्या व घरकर्जाच्या सवलतींचा कायदा झाला. त्याने अमेरिकेचा मध्यमवर्ग उभा केला; परंतु त्याची अंमलबजावणी स्थानिक अधिकारी आणि बँका यांच्या हाती राहिल्याने दक्षिणेतील काळा सैनिक बहुधा रिकाम्या हातानेच परतला. ज्यांस शिडीवर चढू दिले नाही तेच खाली का उभे आहेत, असा प्रश्न नंतरच्या पिढीस विचारणे हा कोणता न्याय?

डेमोक्रॅटिक पक्षाच्या कैवाऱ्यांसही आम्हांस दोन शब्द सुनवावयाचे आहेत. मदत घेणारे बहुतांशी गोरेच आहेत, हे उत्तर वाटते तितके निरुपद्रवी नाही. त्यात प्रतिपक्षाचे मूळ गृहीत मुकाट्याने मान्य केलेले असते. लाभार्थी बहुसंख्येने काळे असते तर तक्रार रास्त ठरली असती काय? तसेच दुसरे उत्तर: रिपब्लिकनांस मते देणारी राज्येच केंद्राच्या तिजोरीवर अधिक जगतात. केंटकी राज्यातील ऑव्सली परगण्यासारखी उदाहरणे त्यासाठी पुढे केली जातात. तेथील वस्ती जवळजवळ सारी गोरी, दारिद्र्य कमालीचे आणि मते भरभरून रिपब्लिकनांस. हे खरे आहे. पण त्या डोंगरातील कोळशाच्या खाणी बंद पडून हातचे काम गेलेल्या माणसास त्याच्या मतावरून टोमणा मारणे आणि शिकागोतील विधवेस तिच्या वर्णावरून टोमणा मारणे, यांत नीतीच्या दृष्टीने फरक तो कोणता? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हाच न्याय दोन्हीकडे दिसतो.

मिट रॉम्नी यांनी २०१२ साली शेकडा सत्तेचाळीस लोक सरकारावर अवलंबून असल्याने आपणांस मते देणार नाहीत, असे खाजगी बैठकीत सांगितले. प्राप्तिकर न भरणाऱ्यांचा तो आकडा होता. त्यांपैकी बहुतेक एक तर मजुरीवरील कर भरणारे श्रमिक होते किंवा निवृत्त वृद्ध होते. त्याच वर्षी प्यू या संशोधनसंस्थेने केलेल्या पाहणीत डेमोक्रॅटांपैकी शेकडा साठ आणि रिपब्लिकनांपैकी शेकडा बावन्न लोकांनी कोणत्या ना कोणत्या मोठ्या सरकारी योजनेचा लाभ घेतल्याचे सांगितले. म्हणजे घेणारा आणि देणारा अशा दोन जाती अमेरिकेत नाहीतच. तरुणपणी देणारा म्हातारपणी घेतो. कारखाना चालू असता देणारा तो बंद पडल्यावर घेतो. अलीकडे या वादात परदेशांतून आलेल्यांची भर पडली आहे. बेकायदा राहणाऱ्यास फूड स्टँप मिळत नाहीत आणि ते घेणाऱ्या दर शंभरांपैकी नव्वदाच्या आसपास लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत, एवढी वस्तुस्थितीही या गदारोळात कानी पडत नाही. लाभार्थींत दर पाचांतील दोन लहान मुले आहेत, ही गोष्ट तर कोणीच बोलत नाही. मुलांस मत नसते!

या भांडणाची किंमत कोणी मोजली? १९९६ साली डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रिपब्लिकन कायदेमंडळाच्या विधेयकावर सही करून निराधार मुलांच्या कुटुंबांस हक्काने मिळणारी साठ वर्षांची जुनी मदत बंद केली. तिच्या जागी राज्यांस वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलरांचे ठोक अनुदान आले. महागाई वाढत गेली, अनुदान मात्र तेथेच राहिले. २०२५ सालच्या ४ जुलैस डोनाल्ड ट्रंप यांनी सही केलेल्या कायद्याने अन्नसाहाय्य मिळण्यासाठी काम केल्याचा दाखला देण्याची अट चौसष्ट वर्षांपर्यंतच्या प्रौढांवर घातली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून त्रेचाळीस दिवस केंद्र सरकारचा कारभार ठप्प झाला आणि नोव्हेंबरची मदत कोर्टकचेऱ्यांत अडकली. ज्यांच्या नावाने दोन्ही पक्ष कंठरवाने भांडत होते, त्यांच्या चुली तेवढ्या थंड राहिल्या.

आता युद्धाची वचने पाहू. वुड्रो विल्सन १९१६ साली निवडून आले ते त्यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले या घोषणेवर. २ एप्रिल १९१७ रोजी त्यांनीच कायदेमंडळाकडे युद्ध पुकारण्याची मागणी केली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ३० ऑक्टोबर १९४० रोजी बॉस्टनच्या सभेत अमेरिकेची मुले परकीय युद्धात पाठविली जाणार नाहीत असा आयाबापांस शब्द दिला; पुढील वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बर झाले. या दोघांच्या बाबतीत न्यायाने बोलावयाचे तर जर्मन पाणबुड्यांनी आणि जपानी विमानांनी परिस्थिती पालटली होती, हे मान्य केले पाहिजे. लिंडन जॉन्सन यांस मात्र ही सवलत देता येत नाही. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे त्यांनी सांगितले की, आशियाई तरुणांनी करावयाचे काम करण्यासाठी अमेरिकन तरुणांस हजारो मैल दूर धाडणार नाही. त्यापूर्वीच, ऑगस्टात, टोंकिनच्या आखातातील न झालेल्या दुसऱ्या हल्ल्याचा आधार घेऊन त्यांनी कायदेमंडळाकडून मोकळीक मिळविली होती. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नव्हते. सिनेटमध्ये अवघी दोन. ८ मार्च १९६५ रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिक उतरले आणि १९६८ पर्यंत व्हिएटनाममध्ये पाच लाखांहून अधिक फौज जमा झाली. अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन आणि त्यांच्या कितीतरी पट व्हिएटनामी लोक या युद्धात मेले.

पुढेही तेच. सैन्याचा उपयोग परक्या राष्ट्रांच्या उभारणीसाठी करू नये असे २००० साली सांगणारे जॉर्ज बुश २००३ साली इराकमध्ये घुसले. ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने घुसले ती सापडली नाहीत. युक्रेनचे युद्ध चोवीस तासांत थांबवीन अशी ट्रंप यांची २०२४ सालची गर्जना होती. आपण ज्या युद्धांत पडणार नाही त्यांवरून आपले यश मोजले जाईल, असे त्यांनी २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात सांगितले. जूनमध्ये अमेरिकन विमानांनी इराणच्या फोर्डो, नतांझ आणि इस्फाहान येथील अणुकेंद्रांवर बाँब टाकले, आणि २०२५ साल संपले तरी युक्रेनमधील तोफा थंडावल्या नव्हत्या. गरज सरो, वैद्य मरो!

केवळ पुढाऱ्यांस दोष देऊन मतदाराने हात झटकू नयेत. अफगाणिस्तानातून फौज परत आणण्याचा करार ट्रंप यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये केला आणि जो बायडन यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये तो तडीस नेला. वीस वर्षांच्या युद्धाचा शेवट करण्याचे वचन येथे पाळले गेले होते. माघारीत गोंधळ झाला, माणसे मेली, हे खरे. परंतु युद्ध चालू ठेवणाऱ्या अध्यक्षांस जी शिक्षा मिळाली नव्हती ती ते संपविणाऱ्यास मिळाली. वचन मोडणाऱ्यास माफी आणि पाळणाऱ्यास शासन, असा दंडक जनतेनेच घातला तर शहाणा पुढारी कोणता मार्ग धरील?

भाकरी आणि बंदूक यांचा संबंध आता पाहावा. जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध लढाई पुकारली होती आणि ती पोकळ नव्हती. १९६४ साली शेकडा एकोणीस असलेले गरिबांचे प्रमाण १९६९ पर्यंत बारावर आले. त्या लढाईचा पैसा आणि तिचे चित्त व्हिएटनामने गिळले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हेच सांगितले, तेव्हा त्यांचे जुने मित्रही त्यांच्यावर उलटले. त्याहून कडवट गोष्ट संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्या १९६६ सालच्या योजनेची. एरवी सैन्यात घेण्यास अपात्र ठरणाऱ्या साडेतीन लाखांच्या आसपास तरुणांस त्या योजनेखाली भरती करण्यात आले आणि गरिबांच्या उद्धाराचे कार्य म्हणून तिची भलावण झाली! त्यांपैकी शेकडा चाळीसच्या घरात काळे होते. महाविद्यालयात जाणाऱ्या सुखवस्तू मुलांस मात्र त्याच वेळी सवलती मिळत होत्या. मदतीच्या रांगेत ज्याचा वर्ण विचारला जातो, त्याला भरतीच्या रांगेत तो कोणी विचारीत नाही.

या दुहेरी व्यवहाराची झळ भारतालाही लागलेली आहे. १९६५ आणि १९६६ च्या दुष्काळांत आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. व्हिएटनामवरील बाँबफेकीवर भारताने टीका केली ती जॉन्सन यांस रुचली नाही, आणि धान्याच्या बोटी महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सुटू लागल्या. रेशनच्या दुकानापुढे तांबड्या गव्हासाठी उभ्या राहिलेल्या पिढीस हे सांगावयास नको. भुकेल्याचे तोंड पाहून भाकरी देणे आणि त्याचे मत पाहून भाकरी देणे यांतील अंतर त्या पिढीने अनुभवले आहे.

मग उपाय कोणता? पक्षांच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबून राहण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार कायदेमंडळास दिला आहे. त्याने तो रीतसर शेवटचा वापरला १९४२ साली. १९७३ च्या कायद्याने अध्यक्षांस साठ दिवसांची मुदत घातली, पण ती धुडकावण्यास कित्येक अध्यक्षांनी वाट काढली आणि कायदेमंडळाने ती काढू दिली, कारण युद्धाच्या बाजूने वा विरुद्ध नाव नोंदवून मत देण्याचे संकट त्यास नकोच आहे. २००१ साली एका ठरावाने दिलेली मोकळीक पुढे वीस वर्षे देशोदेशी वापरली गेली. प्रत्येक प्रतिनिधीने युद्धापूर्वी नावानिशी मत द्यावे, आणि ते मत पुढच्या निवडणुकीत त्याच्या दारावर टांगले जावे. उमेदवाराच्या वचनापेक्षा हा बंदोबस्त शतपट बरा. भाकरीविषयीही कसोटी एकच असावी: भूक आहे की नाही. लबाडी करणाऱ्यास कायद्याने जरूर पकडावे; त्याच्या नावावर त्याच्या साऱ्या जमातीस उपाशी ठेवू नये.

ऑव्सलीचा बेकार खाणकामगार आणि शिकागोतील काळी आई यांस राजकारण्यांनी आजवर एकमेकांसमोर उभे केले. दोघांची मुले एकाच फौजेत भरती होतात, एकाच आश्वासनाने फसतात आणि परत आल्यावर त्यांतील कित्येक त्याच अन्नसाहाय्याच्या रांगेत उभी राहतात. आपल्या दोघांचा हिशेब एकच आहे, हे ज्या दिवशी या दोघांस कळेल, त्या दिवशी ही दोन्ही शस्त्रे बोथट होतील. तो दिवस लांबविण्यातच दोन्ही पक्षांचे एकमत आहे, हे मतदारांनी विसरू नये.