सोडून दिलेला मासा

माशांशी आमचा संबंध मत्स्यावताराच्या कथेपलीकडे फारसा कधी गेला नाही. माळव्याच्या गव्हा-ज्वारीवर वाढलेल्या आमच्यासारख्या माणसाला, हातात काठी धरून तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसणाऱ्या मनुष्याविषयी कुतूहलापेक्षा कीवच अधिक वाटत असे. ती कीव गेल्या दिवाळीत ओसरली. त्याला कारण झाला आमचा एक जुना विद्यार्थी. तो जपानात ओसाका शहरी नोकरीस आहे आणि सुटीच्या दिवशी पहाटेच्या गाडीने बिवा सरोवर गाठून बास नावाचा मासा गळाने धरतो. फराळाचे ताट समोर ठेवून त्याने दोन तास आम्हाला या विद्येचे पाठ दिले आणि निघताना उंबरठ्यावर एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. वाचकांच्या साक्षीने ते आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम सरोवराचे वर्णन करू. बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या भोपाळच्या मोठ्या तलावासारखे वीस तलाव त्यात सहज सामावतील. जगातील अतिप्राचीन सरोवरांत त्याची गणना होते. त्याचे वय सुमारे चाळीस लक्ष वर्षे मानले जाते. बिवा हे एका तंतुवाद्याचे नाव. आपली सरस्वती जपानात बेन्झाइतेन या नावाने पूजिली जाते आणि तिच्या हाती वीणेच्या जागी हेच वाद्य असते. सरोवरातील चिकुबु नावाच्या बेटावर तिचे प्रसिद्ध स्थान आहे. शिष्याने हे सांगताच घरातील मंडळींनी नकळत हात जोडले.

या सरोवराचे दोन स्वभाव आहेत. उत्तरेचा भाग विशाल आणि खोल. तेथे पाणी १०४ मीटरांपर्यंत उतरते. दक्षिणेचा भाग चिंचोळा आणि उथळ; त्याची सरासरी खोली अवघी चार मीटर. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि पाणवनस्पतींचे रान माजते. १९९४ साली मोठे अवर्षण पडले, पाण्याची पातळी सव्वा मीटरने खाली गेली आणि त्यानंतर तर दक्षिण भागात हे रान फारच पसरले. बासला हे रान म्हणजे राजवाडाच होय.

कारण बास हा पाठलाग करून दमणारा शिकारी नव्हे. तो दबा धरून बसतो. वनस्पतींची कड, बुडालेला खडक, धक्क्याची सावली अशा आडोशाला तो निश्चल राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच आपले अवाढव्य तोंड उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. म्हणून गळ टाकणाऱ्याचे पहिले काम मासा शोधणे हे नसून आडोसा शोधणे हे आहे. शिष्याच्या म्हणण्याप्रमाणे, नवशिका सारे सरोवर पाहतो. जाणता फक्त कडा पाहतो. वनस्पती कोठे संपतात, उथळ कोठे संपून खोल लागते, गढूळ पाणी कोठे निवळाला मिळते, तेथे त्याची नजर असते.

आमिषही खरे नसते. रबराचा गांडूळ घेऊन गळाचे टोक त्याच्याच अंगात खुपसून लपवितात, म्हणजे गळ वनस्पतींत अडकत नाही. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लहानसे वजन असते. हे आमिष पानांच्या फटीतून खाली सोडावयाचे आणि दोऱ्याकडे लक्ष ठेवावयाचे. पुष्कळदा मासा ते खाली जात असतानाच घेतो. हाताला कळते ती केवळ एक बारीकशी टिचकी. कधी तीही नाही, नुसता दोरा बाजूला सरकू लागतो. त्याच क्षणी काठी उचलली तर मासा लागतो. लागल्यावर तो वनस्पतींच्या रानात घुसू पाहतो किंवा पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकतो. अशा वेळी दोरा क्षणभर जरी सैल पडला तरी गळ सुटतो.

ऋतूप्रमाणे ही विद्या पालटते, कारण माशाचे रक्त पाण्याच्या उष्णतेप्रमाणे चालते. हिवाळ्यात तो खोल खड्ड्यांत सुस्त पडून असतो. तेव्हा आमिष तळाशी नेऊन अगदी सावकाश हलवावे लागते. वसंतात पाणी सोळा-सतरा अंशांवर आले की तो काठालगतच्या उथळ वाळूत अंडी घालण्यास येतो. भर उन्हाळ्यात पहाटे आणि सायंकाळी तो पृष्ठभागावर शिकार करतो, तेव्हा पानांवरून रबरी बेडूक ओढत आणला तर पाणी फुटून जो आवाज होतो त्याने अनुभवी माणसाचेही काळीज उडते. ऊन चढले की तो सावलीत शिरतो. उत्तरेकडे त्याची तऱ्हा निराळी. तेथे आयु नावाच्या लहानग्या माशांच्या झुंडी जिकडे जातात तिकडे तो जातो आणि गळकऱ्यालाही त्यांच्या मागे फिरावे लागते.

शिवाय वारा आहे. पश्चिम काठावरील हिरा पर्वतावरून सुटणारा वारा तेथे नावानिशी ओळखला जातो. हिवाळा संपता संपता, मार्चच्या अखेरीस, तो असा कोसळतो की निवांत पाणी पाहता पाहता खवळते. हलका वारा मात्र उपकारक असतो. पाण्यावर सुरकुत्या पडल्या की माशाला वरचे नीट दिसत नाही आणि तो निर्धास्त होतो. कोणत्या वाऱ्यात काठी काढावी आणि कोणत्या वाऱ्यात होडी काठाला लावावी, हे ज्याला कळत नाही त्याने तेथे जाऊ नये.

या सरोवराची कीर्ती जगभर पसरली ती २००९ साली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला होता आणि तो विक्रम सत्त्याहत्तर वर्षे कोणाला मोडता आला नव्हता. २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता यांनी बिवा सरोवरात १०.१२ किलोग्रॅमचा बास धरला. तो पेरीच्या माशाहून काकणभर जड होता. पण विक्रम मोडण्यास नियमाप्रमाणे किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावे बरोबरीने लावण्यात आली.

येथवर सारे आनंदाचे होते. आता शिष्याच्या प्रश्नाकडे येतो.

अमेरिका ही बासची मायभूमी. तेथे रे स्कॉट नावाच्या गृहस्थांनी १९७२ पासून आपल्या स्पर्धांतून धरलेला मासा जिवंत पाण्यात परत सोडण्याची प्रथा रुजविली. आज तेथे बासला इजा न करता सोडून देणे हे सभ्यतेचे लक्षण मानले जाते. पण जपानात बास आला तो १९२५ साली, हाकोने येथील आशी सरोवरात, एका उद्योगपतीने आणविलेला. बिवा सरोवरात तो १९७४ साली प्रथम आढळला आणि पुढच्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली. त्याच्या जोडीला ब्लूगिल नावाचा दुसरा अमेरिकन मासा होता. लाखो वर्षे ज्यांनी असा शत्रू पाहिला नव्हता ते तेथले मूळचे मासे यांच्या तोंडी पडू लागले. त्यांपैकी निगोरोबुना हा मासा भातात मुरवून महिनोन्‌महिने ठेवतात आणि त्यापासून फुनाझुशी हा तेथील घरोघरचा पारंपरिक पदार्थ होतो. हा मासाच दुर्मिळ झाला. दोष एकट्या बासचा नव्हे. काठावरची बोरूची बने माणसाने तोडली, बांध घातले, पाण्याची पातळी आपल्या सोयीने वरखाली केली. परंतु आधीच दुबळ्या झालेल्यांवर हा घाला पडला.

म्हणून शिगा प्रांताने २००२ साली कायदा केला आणि २००३ च्या एप्रिलपासून तो अमलात आला. बिवा सरोवरात धरलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडू नये, असा तो नियम आहे. त्यासाठी काठावर जागोजागी पेट्या ठेविल्या आहेत. मासा त्यांत टाकावयाचा. याविरुद्ध न्यायालयात दादही मागण्यात आली, पण नियम टिकला. गंमत अशी की तो मोडणाऱ्यास शिक्षा काहीच नाही. सारे काही गळकऱ्याच्या सदसद्विवेकावर सोपविले आहे.

मे महिन्यातील एका पहाटे आमच्या शिष्याला उथळ पाण्यात एक नर बास लागला. या माशांत मादी अंडी घालून निघून जाते. वाळूत घरटे करणे, शेपटीने अंड्यांवर पाणी खेळविणे, पिले मोठी होईतो पहारा देणे हे सारे बाप करतो. आमिष त्याने भुकेने घेतले नव्हते. घरट्यावर चाल करून आलेला शत्रू समजून घेतले होते. होडीत तो मासा तोंड उघडीत मिटीत होता. दूरवर कोणी नव्हते. सोडून दिला असता तर कोणाला कळले नसते. शिष्य पुष्कळ वेळ बसून राहिला आणि अखेर काठाला येऊन त्याने तो पेटीत टाकला. उंबरठ्यावर त्याने विचारले ते हेच. "सर, बरोबर केलं ना मी? भूतदयेचा धडा तुम्हीच शिकवला होता."

आम्ही गप्प राहिलो. आमच्या मौनाचे कारण त्याला ठाऊक नव्हते, ते आज सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या खोलीत माशांची एक काचपेटी होती. तिची देखभाल होईना, तेव्हा आम्ही एके दिवशी वर्गाला घेऊन गावाबाहेरच्या तलावावर गेलो आणि मुलांच्या हस्ते ते मासे पाण्यात सोडविले. त्यांत काच चाटून स्वच्छ ठेवणारे दोन काळे मासेही होते. बंधमुक्तीवर आम्ही छोटेसे भाषण केले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत हा शिष्यही होता. ते काळे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आणि आपल्याकडील अनेक तळ्यांत ते आता ठाण मांडून बसले आहेत, हे आम्हाला फार उशिरा वाचावयास मिळाले. आमच्या दोन माशांनी तेथे काय केले हे आम्हाला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी आम्ही दया केली असे आता म्हणवत नाही. आम्ही एक अडचण दूर केली आणि तिला दया हे नाव दिले.

तेव्हा शिष्याला आमचे उत्तर असे आहे. बाळ, तू केलेस ते योग्य केलेस. पण ते तुला सुखाचे वाटले नाही हेही योग्यच झाले. तो मासा निरपराध होता. भक्ष्य खाणे आणि पिले राखणे हा त्याचा धर्म, तो त्याने पाळला. अपराध त्याला तेथे आणून सोडणाऱ्यांचा. त्याचे प्रायश्चित्त मात्र तुझ्या हातून घडले. एका माशावर केलेली दया ज्यांना तोंड नाही अशा हजारो पिलांवर अन्याय करीत असेल, तर दयेला आधी सरोवराचे ज्ञान असावे लागते. तू ज्या विद्येने वाऱ्याची दिशा आणि वनस्पतींची कड ओळखतोस, तीच विद्या पुढे नेली की हे ओळखता येते. ती अर्ध्यावर थांबली तर गळ टाकता येतो, गळाला लागलेल्याचे काय करावे हे कळत नाही.

आणि चूक कबूल करण्याची लाजही बाळगू नये. १९६० साली जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो अमेरिकेस गेले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल मासे भेट दिले होते. ते त्यांनी सद्‌हेतूने, खाद्य म्हणून वाढवावेत यासाठी मत्स्यसंशोधकांकडे सोपविले. पुढे सम्राट झाल्यावर, २००७ साली, त्याच बिवा सरोवराच्या काठच्या ओत्सु शहरी त्यांनी झाल्या गोष्टीबद्दल जाहीरपणे मनःपूर्वक खेद व्यक्त केला. ते स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. आपण काय केले हे त्यांना इतरांहून अधिक कळत होते. सम्राटाला जे जमले ते एका मुख्याध्यापकाला जमू नये असे नाही.

वाचकहो, आपल्या घरीही काचेच्या पेटीत रंगीत मासे असतील, मुलांच्या हट्टाखातर आणलेले एखादे इवलेसे कासव असेल. ते नकोसे झाल्यावर नदीत वा तळ्यात सोडण्याचा पुण्यमार्ग आपल्यालाही सुचेल. तो पत्करू नये. दुकानदाराला परत द्यावे, दुसऱ्या हौशी घराला द्यावे, किंवा मरेपर्यंत सांभाळावे. आणि मुलाने कारण विचारले तर त्याला बिवा सरोवराची गोष्ट सांगावी. हवी तर आमच्या त्या तलावाचीही सांगावी.