प्रकृती ओळखा, पण विकृती विसरू नका

“आमच्या बाळाची प्रकृतीच कफाची”, “हा मुळातच पित्ताचा”, “वाताची प्रकृती, म्हणून अंगी काही लागत नाही”, ही वाक्ये बालरोगतज्ज्ञाच्या कानांवर रोजच पडतात. हैदराबादेत या भाषेला दुहेरी वारसा आहे. मराठी घरातील आजी वात-पित्त-कफाच्या भाषेत बोलते, तर चारमिनारजवळील शासकीय निजामिया रुग्णालयातील युनानी हकीम दमवी, सफरावी, बलगमी, सौदावी अशा मिजाजांच्या भाषेत. माणसागणिक शरीराचा पिंड वेगळा असतो, हा विचार आपल्या शहराला परका नाही आणि मी तो टाकाऊही मानत नाही.

आधुनिक विज्ञानानेही त्याची दखल घेतली आहे. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या एचएलए जनुकांचे प्रकार यांत काही संबंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २०१५ साली आपल्याच हबसीगुड्याच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. तीन प्रकृतींच्या व्यक्तींमध्ये जनुकसंचातील ५२ ठिकाणी लक्षणीय फरक त्यांना दिसले. ग्लुकोजच्या चयापचयात भाग घेणाऱ्या पीजीएम१ या जनुकाचा पित्त प्रकृतीशी संबंध आढळला. हैदराबादकरांना अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

परंतु त्याच निबंधातील आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. ३,४१६ व्यक्तींची छाननी केल्यावर ज्यांची प्रकृती निःसंदिग्ध म्हणता येईल असे २६२ जण अभ्यासासाठी निवडले गेले. ते सर्व वीस ते तीस वयाचे पुरुष होते. त्यांत एकही बालक नव्हते. शिवाय बाल्यावस्था हा कफप्रधान काळ, असे आयुर्वेदच सांगतो. मग पाच-सहा वर्षांच्या मुलावर “अमुक प्रकृतीचा” असा शिक्का आपण कोणत्या आधारावर मारतो?

हा प्रश्न मला एका मुलाने शिकवला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात एका परिचित कुटुंबातून दूरध्वनी आला. आठ वर्षांचा मुलगा दिवसभर पाणी पीत होता, भूकही फार लागत होती, तरी वाळत चालला होता. “सासूबाई म्हणतात, पित्ताची प्रकृती आहे, उन्हाळ्यात असं व्हायचंच,” आई म्हणाली. मीही हसून दुजोरा दिला आणि सब्जाचे सरबत सुचवले. चौथ्या दिवशी मुलगा उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास अशा अवस्थेत रुग्णालयात आला. रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. टाइप १ मधुमेह, आणि तोही कीटोॲसिडोसिसच्या अवस्थेत. मुलगा वाचला, हे आमचे भाग्य. दोन आठवड्यांपासून तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला होता. मी विचारले नाही, म्हणून आईने सांगितले नाही.

नंतर मी चरकसंहितेचे विमानस्थान उघडले. आठव्या अध्यायात पित्तल व्यक्तीचे वर्णन आहे: तीव्र भूक, तीव्र तहान, विपुल घाम व मूत्र. मधुमेह झालेल्या मुलाचे वर्णन वाचावे, इतके साम्य! पण रुग्णाची परीक्षा कशी करावी हे सांगताना त्याच अध्यायात प्रकृतीच्या पाठोपाठ लगेच विकृतीचा उल्लेख येतो. प्रकृती गर्भावस्थेतच ठरते. जे पंधरा दिवसांपूर्वी सुरू झाले ते प्रकृती असूच शकत नाही. चूक चरकाची नव्हती. त्याला अर्धवट वाचणाऱ्यांची होती, आणि त्यांत मीही होतो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना, वैद्य मित्रांना आणि समाजातील प्रत्येक आजी-आजोबांना एकच विनंती आहे. मूल बारीक आहे, सतत खोकते, वारंवार पाणी पिते, असे दिसले की “ही त्याची प्रकृती” म्हणण्यापूर्वी “हे कधीपासून?” एवढे विचारा. वजनाची जुनी नोंद काढून पाहा. सततच्या ‘कफा’मागे दमा असू शकतो, ‘वाता’च्या कृशतेमागे क्षयरोग. तहान आणि लघवी वाढली असेल तर बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन त्याच दिवशी साखर तपासावी. त्याला मिनिटभरही लागत नाही. निदान झालेच तर इन्सुलिनला पर्याय नाही, हेही निःसंकोच सांगावे.

प्रकृतीचा विचार आपल्याला प्रत्येक मूल वेगळे असते, हे शिकवतो. मग त्या वेगळ्या मुलाकडे नीट पाहण्याचे कष्टही आपणच घ्यायला हवेत. नाव देऊन मोकळे होणे म्हणजे निदान नव्हे.