लोकगीत आणि न्यायाची प्रदीर्घ प्रतीक्षा

आयर्लंडचे ज्येष्ठ लोकगायक व गीतकार क्रिस्टी मूर यांचा ‘अ टेरिबल ब्यूटी’ हा गीतसंग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकाशित झाला. त्या वेळी मूर यांनी वयाची ७९ वर्षे पूर्ण केली होती. १९७२ च्या सुमारास ‘प्लँक्स्टी’ हा लोकसंगीताचा चमू स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. पाच दशकांनंतरही ते नवी गीते घेऊन श्रोत्यांसमोर येत आहेत, ही बाब उल्लेखनीय आहेच. तथापि, या प्रकाशनाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. न्यायालयाच्या रोषास पात्र ठरलेल्या त्यांच्या एका जुन्या गीतामागील घटनेचा निवाडा याच वर्षी लागला.

१४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनच्या आर्टेन भागातील ‘स्टारडस्ट’ या नृत्यगृहाला आग लागून ४८ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये प्रामुख्याने श्रमिक वस्त्यांतील तरुण-तरुणी होत्या. मूर यांनी या दुर्घटनेवर ‘दे नेव्हर केम होम’ हे गीत रचले आणि १९८५ च्या ‘ऑर्डिनरी मॅन’ या संग्रहात समाविष्ट केले. हे गीत म्हणजे न्यायालयाचा अवमान असल्याचा निर्णय झाला. परिणामी तो संग्रह मागे घेण्यात आला आणि या गीताच्या जागी दुसरे गीत घालून पुन्हा प्रकाशित करावा लागला.

पीडित कुटुंबांचा मार्ग याहून खडतर होता. चौकशी आयोगाने १९८२ मध्ये आग बहुधा हेतुपुरस्सर लावली गेली असावी, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे मृतांच्या सोबत्यांवरच संशयाची छाया पडली. या निष्कर्षाला पुरावा नसल्याचे अधिकृतपणे मान्य होण्यास २००९ साल उजाडले. अखेर १८ एप्रिल २०२४ रोजी, नव्याने झालेल्या मृत्यूचौकशीत ज्यूरीने सर्व ४८ मृत्यू बेकायदेशीर वधाचे असल्याचा निर्णय दिला. आगीचे मूळ विजेच्या बिघाडात होते आणि बाहेर पडण्याच्या दारांना कुलपे वा अडथळे असल्याने सुटकेत बाधा आली, हेही त्यात नमूद झाले. त्यानंतर काही दिवसांतच पंतप्रधान सायमन हॅरिस यांनी संसदेत राज्यसंस्थेच्या वतीने कुटुंबीयांची क्षमा मागितली.

या प्रकरणाची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. दोषनिश्चिती पुराव्याच्या छाननीनंतरच व्हावी, हे न्यायाचे मूलतत्त्व होय. गीत म्हणजे पुरावा नव्हे. परंतु छाननीस चार दशके लागतात, तेव्हा मृतांची आठवण कोणी जपायची, हा प्रश्न उरतो. कुटुंबीयांनी ती अथक पाठपुराव्याने जपली. लोकगीताने त्यांना साथ दिली.

नव्या संग्रहातही हाच धागा दिसतो. २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे गोळीबारात बळी पडलेल्या तरुण पत्रकार लायरा मॅकी यांच्यावरील गीत त्यात आहे, तसेच पॅलेस्टाईनवरील गीतही आहे. संग्रहाचे शीर्षक १९१६ च्या आयरिश उठावावरील येट्स यांच्या कवितेची आठवण करून देते. अशा गीतांशी मतभेद असू शकतात. मात्र ती थांबवल्याने त्यामागील प्रश्न सुटत नाहीत, हा ‘स्टारडस्ट’ प्रकरणाचा बोध आहे.