परसातलं प्लॅस्टिकचं गवत आणि खालची काळी

आज पिकाचं नाही, पण मातीचंच लिहितोय.

माझा पुतण्या पुण्यात कंपनीत आहे. गावातलं जुनं घर पाडून त्यानं बंगला बांधला. साहेबलोकांबरोबर गोल्फ खेळतो, म्हणून मागच्या परसात ‘पुटिंग ग्रीन’ करून घेतलं. म्हणजे चेंडू हळू ढकलून भोकात घालायचा सराव करायची जागा. २० बाय ३० फूट, वर प्लॅस्टिकचं आखूड गवत. शहरातल्या ठेकेदारानं दिवाळीनंतर जमीन सपाट केली, दोन इंच कच टाकली, गालिचा अंथरला आणि पैसे घेऊन गेला.

पावसाळ्यात मधला भाग फुगला. एप्रिलमध्ये काळीला भेगा पडल्या आणि गालिच्याला खळगे. आता चेंडू कुठूनही मारा, जातो मोरीकडंच. भोक सव्वाचार इंचाचं, चेंडू पावणेदोन इंचाच्या आतला. तिथं अर्ध्या इंचाचा खळगा पडला की खेळ संपला.

पुतण्याचा फोन आला, “काका, ओळखीचा जेसीबीवाला बघा. दीड फूट खणून एकदाचं पक्कं करू.”

पक्कं कसं करायचं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. भारी काळी ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. घराच्या जोत्याला तडे जातात ते याच मातीनं, तिथं गालिचा काय टिकणार? काळी उचलून मुरमापर्यंत जायचं. मुरूम चार-चार इंचाच्या थरानं टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा. वर बारीक खडी आणि डस्ट. शंभर फुटाला एक-दोन फूट उतार, तोही घराच्या उलट बाजूला. मग गालिचा आणि तंतूंत बारीक वाळू. एवढं केलं तर चेंडू सरळ जाईल.

पण माझं स्पष्ट मत आहे की हे त्या जागेत करू नये.

हिशेब बघा. ६०० चौरस फूट, दीड फूट खोल, म्हणजे ९०० घनफूट. नऊ ब्रास काळी! त्या जागी दाबलेला मुरूम भरला की पुढं तिथं मेथीसुद्धा उगवायची नाही. दुसरं पाणी. तेवढ्या जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ५६ लिटर. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तर जवळपास २८ हजार लिटर. आज त्यातलं बरंच जिरतं. रोलर फिरवलेल्या मुरमावरून ते गटारात जाणार.

मी परवा गालिच्याचं एक टोक उचलून बघितलं. खाली आंबूस वास, गांडूळ एक नाही. फक्त लव्हाळा जिवंत! त्यानं बूड भोसकून वर टोकं काढलीत. मल्चिंगला भोकं पाडणारा तो, त्याला हे काय जड?

या जागेत मोरीच्या पाण्यावर अळू होतं, कढीपत्ता होता, शेवगा होता. वहिनी काही बोलत नाहीत. पण पत्र्याच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप लावून दारात ठेवलंय.

आता दुसरी बाजू. पुतण्या म्हणतो याला पाणी नको, कापणी नको, फवारणी नको. खरं आहे. टँकरच्या गावात हे म्हणणं हलकं नाही. पण मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. मग गार करायला पाणी मारावंच लागतं.

आणि आपण फार शहाणपण सांगायला नको. मल्चिंग पेपरचे तुकडे माझ्याही रानात नांगरामागं वर येतात. पेपर वेळेवर गोळा केला नाही, ती चूक माझीच. म्हणून तर सांगतोय, प्लॅस्टिक अंथरायला एक दिवस लागतो, मातीतून वेचायला जन्म पुरत नाही.

गंमत म्हणजे उष्ण मुलखातल्या गोल्फच्या हिरवळी बऱ्याचदा आपल्या हरळीच्याच संकरित जातीच्या असतात. टिफड्वार्फ ही त्यातलीच एक. आपण जिला खणून बांधावर फेकतो, तिला तिथं चार-पाच मिलिमीटरवर जवळजवळ रोज कापतात. ते घरी जमणार नाही, मान्य.

मग माझा तोडगा असा: घराच्या वरच्या अंगाला मुरमाड पड आहे. काळी नाही, भेग नाही, खणाईही कमी. तिथं १० बाय २० फूट करावं, उताराच्या टोकाला शोषखड्डा घ्यावा. सरावाला तेवढी जागा पुरते. आणि परस वहिनींना परत द्यावं. शेणखत आणि ताग घालून दोन पावसाळ्यांत ती माती उठेल, असा माझा अंदाज.

छंदाला माझा विरोध नाही. पोरगं त्या निमित्तानं गावाकडं येतं, हेही मोठंच आहे. पण खेळायला मुरूम चालतो, पिकायला काळीच लागते.

रविवारी तो येतोय. जेसीबीवाल्याला मी अजून फोन केलेला नाही. जागा त्याची, पैसा त्याचा, पण आधी त्याला उचललेल्या टोकाखालची माती हुंगायला लावणार आहे.

कुणी अशी दाबलेली, झाकलेली काळी परत जिवंत केली असेल, तर काय घातलं आणि किती दिवस लागले, ते लिहा. मला रविवारच्या आत हवंय.